क्रॉसकोर्ट फटका
टेनिसमध्ये चेंडू मैदानाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे, कर्णाच्या दिशेने मारण्याचा प्रकार. चेंडू कुठे टाकावा, या हौशी खेळाडूच्या प्रश्नाला याहून भरवशाचे उत्तर नाही. एकेरीचे मैदान २३.७७ मी. लांब व ८.२३ मी. रुंद असते, त्याचा कर्ण सु. २५.१५ मी. भरतो. म्हणजे बाजूच्या रेषेला समांतर फटक्यापेक्षा सु. १.४ मी. जागा जास्त मिळते. जाळे खांबांपाशी १.०७ मी. उंच असले, तरी मध्यभागी पट्ट्याने ओढून ०.९१४ मी.वर आणलेले असते. तिरका चेंडू याच सखल भागावरून जातो.

तिसरा फायदा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि खरा मोलाचा तोच. तिरका फटका मारल्यावर मध्यखुणेच्या अलीकडेच थांबले तरी प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही परतीचे मार्ग आवाक्यात राहतात. सरळ मारल्यास मात्र ती खूण ओलांडून पलीकडे धावावे लागते. शिवाय तिरक्या आलेल्या चेंडूची दिशा बदलताना तो रॅकेटवरून बाहेरच्या बाजूला निसटतो. म्हणून सरळ फटका चेंडू आखूड पडला आणि तोल सावरलेला असला, तरच मारावा.

रेषेवर नेम धरण्याचा मोह टाळावा. मीटरभर आत, पण सर्व्हिस रेषेच्या बराच मागे चेंडू टाकणे पुरेसे असते. दुहेरीत जाळ्याजवळचा खेळाडू तिरका चेंडू अडवू शकतो. तो पुढे सरसावलेला दिसला, तर दोघांच्या मधली जागा किंवा उंच लॉब बरा.