बेडी आणि कायदा
१९८० पर्यंत पंजाब पोलीस नियमांनुसार, बेडी घालायची की नाही हे कच्च्या कैद्याच्या सामाजिक दर्जावरही ठरत असे. तिहार तुरुंगातून आलेल्या एका तारेवरून प्रेमशंकर शुक्ला खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी हा अपमानास्पद भेद मोडीत काढला: पळून जाण्याचा खराखुरा धोका असेल तरच बेडी, आणि कारणे लेखी नोंदवायची.

तरीही गुवाहाटीच्या रुग्णालयात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील सात स्थानबद्ध बेड्यांनी खाटेला जखडलेले, वर दोराने बांधलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पाहिले. याला बंदोबस्त म्हणणे क्रूरपणाच. नय्यर यांच्या पत्रावरून १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेडीसाठी दंडाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली.

१ जुलै २०२४ पासून मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार सराईत गुन्हेगारांना आणि खून, बलात्कार अशा प्रकरणांतील आरोपींना बेडी घालण्याची मुभा पोलिसांना मिळाली आहे.