खोंडाच्या वेदनेची दाद

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे लोटल्यावर सम्राट अशोकाने जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात अवध्य पशुपक्ष्यांच्या यादीमागोमाग एक असा हुकूम आहे की, ज्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांइतकेच शेतकऱ्यांनी व पशुवैद्यांनीही लक्ष द्यावयास हवे. अष्टमी, चतुर्दशी व पंचदशी या तिथी, तिष्य व पुनर्वसू ही नक्षत्रे, चातुर्मासीच्या तीन तिथी आणि सणांचे दिवस, या दिवशी बैल, बोकड, एडका, डुक्कर व ज्यांना खच्ची करण्याची चाल आहे असे इतर पशू, यांपैकी कोणासही खच्ची करू नये, आणि तिष्य, पुनर्वसू व चातुर्मासीच्या काळात घोड्याबैलांना डाग देऊ नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. ज्या क्रियेवाचून शेती चालत नाही ती सरसकट बंद करता येत नाही, परंतु तिच्यापायी मुक्या जिवाला क्लेश होतात याची जाणीव राज्यकर्त्याला असली पाहिजे, ही दोन्ही सत्ये त्या लेखात शेजारी शेजारी उभी आहेत. मात्र क्लेश हलके करण्याचे साधन त्या काळी हाती नसल्यामुळे काही दिवस त्यांतून मोकळे ठेवावेत, एवढेच त्या थोर राजाला करता आले.

कौटिलीय अर्थशास्त्रातील गोअध्यक्षाच्या प्रकरणात या व्यवहाराची दुसरी बाजू दिसते. प्रत्येक जनावराचा डाग, अंगावरची जन्मखूण, रंग आणि दोन शिंगांमधील अंतर यांची नोंद दप्तरी ठेवावी, व वेसण घालण्याचा, वळण लावण्याचा आणि जुवाखाली आणण्याचा काळ टळू देणाऱ्याचा मोबदला बुडावा, अशी तेथे तजवीज आहे. जनावराची इतकी बारकाईने दखल घेणाऱ्या त्या शिस्तीत त्याच्या वेदनेला मात्र रकाना नव्हता, आणि पुढील दोन सहस्र वर्षे तो पडलाही नाही.

दख्खनच्या पठारावर काळ्या मातीची नांगरट, मोटेचे पाणी, गाडीवाट आणि लष्कराच्या तोफा ओढण्याचे काम, हे सारे बैलाच्या खांद्यावर चालले. आणि मस्तवाल वळू जुवाखाली नांदत नसल्यामुळे खोंडाला बडवणे ही घरोघरची गरज होऊन बसली. लहानपणी बडवल्यास वशिंड व मान भरत नाही अशी समजूत असल्याने खिलारी खोंड सुमारे तीन वर्षांचा, अंगाने भरलेला होईपर्यंत थांबत. त्यामुळे वृषणरज्जू जाड झालेली असताना, म्हणजे वेदना अधिकच तीव्र होणार अशा वयात, हे काम होई. गावगाड्यात ते बहुधा मातंग समाजाकडे असे. दोर, कासरा व वेसण वळणारेही तेच कुशल हात. चार गडी दोराच्या फासाने खोंडाला आडवा पाडीत, चारही पाय एकत्र जखडीत, एकजण त्याची मान दाबून धरी, आणि मग अंडांच्या वरची शीर दोन दांडक्यांच्या पकडीत घेऊन ती चेचून निकामी होईपर्यंत लाकडी मोगरीचे घाव पडत. त्यावर हळद-तेल चोळले जाई. पुढील कित्येक दिवस सुजेने बेजार झालेले ते जनावर मागचे पाय फाकून उभे राही आणि वैरणीला तोंड लावीत नसे.

हाच शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच बैलाच्या खांद्यांना हळद व लोणी लावून ते प्रेमाने शेकीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या अंगी निष्ठुरता होती असे म्हणण्यास जागा उरत नाही. जुवाने सोललेल्या खांद्याला उतार होता म्हणून तो खांदा शेकला जाई. बडवणीच्या वेदनेला उतार ठाऊक नव्हता म्हणून ती अटळ मानली जाई.

तो उतार सापडण्याचा काळ एकोणिसाव्या शतकात आला. १८४६ साली ईथरचा व १८४७ साली क्लोरोफॉर्मचा वापर मानवी शस्त्रक्रियेत सुरू झाला. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, १८८६ साली त्याच परिसरात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि १८९० साली प्राण्यांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा हिंदुस्थानात लागू झाला. तथापि रवंथ करणाऱ्या जनावराला संपूर्ण भूल देणे जोखमीचे असते. आडवे पडल्यावर त्याचे पोट फुगते, आणि पोटातील अन्न घशाशी येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती राहते. म्हणून बैलाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा शोध ठरला तो स्थानिक बधिरतेचा. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनचा तो गुण डोळ्याच्या शस्त्रक्रियेत दाखविला, १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन सिद्ध केले, जे आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतही परिचयाचे आहे.

दरम्यान इटलीतील पशुवैद्य बर्डिझो यांचा चिमटा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे येऊन पोहोचला. कातडी न फाडता आतील रज्जू चिरडणाऱ्या या अवजाराने जखम, रक्तस्राव व अळ्या पडणे ही संकटे टळली, आणि मोगरीच्या जागी एका क्षणाची पकड आली. हा उपकार लहान नव्हे. १९३३ साली मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणेचा कायदा होऊन सुमार वळूंना पैदाशीची मुभा नाकारण्याचा व त्यांना खच्ची करविण्याचा अधिकार सरकारला मिळाला, तेव्हा अशा कामाला हा चिमटा सोयीचा होता. परंतु त्याच्या यशातच एक गैरसमज रुजला: रक्त दिसत नाही म्हणून वेदनाही नाही, असे धरून चालण्याची सवय लागली, आणि बधिर करणारे औषध कपाटात असतानाही चिमटा नुसताच चालविला जाऊ लागला.

वास्तविक बधिर करण्याची कृती किती सोपी आहे, हे एकदा जवळून पाहण्याजोगे आहे. वासराच्या शिंगाचा कोंब डागून बंद करावयाचा असेल, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडाकडे जाणारी हाडाची कड बोटाने चाचपावी, तिच्या साधारण मध्यावर, कडेच्या लगत खाली, कातडीखाली काही मिलिलिटर लिग्नोकेन टोचावे, व पाच-दहा मिनिटे थांबून कोंबाभोवती सुईचे टोक टेकवून वासरू दचकते का ते पाहावे. दचकले नाही तरच तापलेले लोखंड उचलावे. खच्ची करतानाही तेच औषध वृषणरज्जूत टोचून तसेच थांबावयाचे असते.

न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठात डेव्हिड मेलर, केव्हिन स्टॅफर्ड व त्यांचे सहकारी यांनी कोकरांच्या व वासरांच्या रक्तातील कॉर्टिसॉल मोजून दाखविले की, बधिरता उतरल्यावर दडलेली वेदना पुन्हा डोके वर काढते, आणि म्हणून तिच्या जोडीला दीर्घकाळ टिकणारे वेदनाशामकही दिले पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी डायक्लोफेनॅक सर्रास वापरले गेले, आणि ते दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांच्या मूत्रपिंडांचा नाश होतो हे २००४ साली उघडकीस येईपर्यंत त्या पक्ष्यांच्या जाती निर्वंश होण्याच्या काठावर आल्या होत्या. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, व गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलोक्सिकॅम पुढे आले. एका जिवाचे दुःख हलके करताना दुसऱ्याचा घात होऊ नये, हा धडा फार मोठी किंमत देऊन आपण शिकलो आहोत.

कायद्याची चाल याहूनही संथ होती. ब्रिटनने १९१९ सालीच प्राण्यांच्या काही शस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचे बंधन घातले. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीतून प्राण्यांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला. त्यात खच्ची करणे, शिंगे काढणे, डाग देणे व वेसण घालणे या क्रिया विहित रीतीने केल्यास गुन्हा ठरत नाहीत असे म्हटले, परंतु ती रीत ठरविणारे नियम येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. या नियमांनी नोंदणीकृत पशुवैद्याचा हात व वेदना शमविणारे औषध या दोन गोष्टी आवश्यक ठरविल्या आहेत.

अशोकाला दिवस निवडण्यापलीकडे काही करता आले नाही आणि खिलारी जोडी पाळणाऱ्या आपल्या पूर्वजांपाशी हळद-तेलापलीकडे काही नव्हते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यापाशी मात्र औषध आहे, त्याचे ज्ञान आहे आणि आता नियमाचा आधारही आहे. उणीव आहे ती फक्त दहा मिनिटे थांबण्याच्या सवयीची. ती सवय सरकारी परिपत्रकाने लागणार नाही. दावणीचे वासरू दवाखान्यात नेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने, आधी औषध टोचा, ते अंमलात येऊ द्या, मग चिमटा उचला, असे निःसंकोच म्हटले, तर ती एका पिढीच्या आत लागेल, आणि पोटच्या पोराप्रमाणे बैल वाढविणाऱ्या रयतेला असे म्हणण्याचा पुरेपूर हक्क आहे.