मेमरीची टंचाई : डेस्कटॉप प्रोग्रॅमांचा प्रतिसाद

संगणकाची रॅम अपुरी पडू लागताच चालू प्रोग्रॅमांनी स्वतःहून जागा मोकळी करण्याची व्यवस्था. येथे मुख्यतः लिनक्सचा विचार केला आहे.

लिनक्सचा कर्नल प्रत्यक्षात असेल त्याहून अधिक मेमरी देऊ करतो, कारण मागितलेली सगळी मेमरी सहसा वापरली जात नाही. हा अंदाज फसला की तो फायलींच्या रॅममधील प्रती टाकतो, पाने (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) डिस्कवरील स्वॅपमध्ये हलवतो आणि अगदीच काही उरले नाही तर ओओएम किलरकरवी एखादी प्रक्रिया मारतो. डेस्कटॉपवर हा शेवटचा उपाय फार उशिरा होतो. तोवर चालू प्रोग्रॅमांच्या कोडचीच पाने टाकली जाऊन पुन्हापुन्हा डिस्कवरून वाचली जातात आणि पडदा गोठतो. कर्नलला मात्र थोडी थोडी मेमरी मिळतच असते. म्हणून टंचाई मोकळ्या मेमरीवरून नव्हे, वाया जाणाऱ्या वेळेवरून मोजायला हवी. योहानेस वायनर यांच्या पीएसआय या सुविधेने नेमके हेच साधले (कर्नल ४.२०, डिसेंबर २०१८). मेमरीसाठी काही किंवा सर्वच कामे किती टक्के वेळ खोळंबली, याची १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी ती देते. ग्नोम डेस्कटॉपच्या जीलिब २.६४ मध्ये (२०२०) प्रोग्रॅमांना इशारे देणारा जीमेमरीमॉनिटर आला. त्याचे इशारे तीन पातळ्यांचे आहेत : कॅशे (पुन्हा तयार करता येणारा साठा) सोडा; आणखी सोडा आणि गरज नसेल तर बंद व्हा; आता प्रक्रिया मारल्या जातील.

कर्नलच सर्व पाने सांभाळतो, तर प्रोग्रॅमांना त्रास कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण कर्नलला पान अलीकडे वापरले गेले की नाही एवढेच कळते. ते पुन्हा तयार करता येणारे लघुचित्र आहे की न जतन केलेला मजकूर, हे प्रोग्रॅमलाच ठाऊक असते. लघुचित्र स्वॅपमध्ये लिहिणे हे निव्वळ वाया जाणारे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्रोग्रॅमने सोडलेली मेमरी अनेकदा प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणाऱ्या मॅलॉककडेच अडकून राहते, आणि स्वॅपमध्ये गेलेली यादी मोकळी करायला ती आधी रॅममध्ये परत आणावी लागते. हे खरे आहे. त्यावरून निष्कर्ष मात्र असा निघतो की इशारा लवकर मिळावा आणि कॅशे एकगठ्ठा परत करता येईल अशा स्वतंत्र पट्ट्यांत ठेवावी. संयमी प्रोग्रॅम जागा सोडतो आणि अधाशी प्रोग्रॅम ती गिळतो, ही तक्रार उरतेच; तिच्यासाठी प्रक्रियांच्या गटांवर घातलेल्या सीग्रुपच्या मर्यादा आणि टंचाईत प्रक्रिया मारणारी सिस्टमडी-ओओएमडी सेवा (फेडोरा ३४ पासून मुळातच चालू, २०२१) आवश्यक ठरतात. तरीही मारणे हा विनंतीला पर्याय नव्हे. मारलेल्या प्रोग्रॅमबरोबर माणसाचे न जतन केलेले काम जाते.

ब्राउझर : फायरफॉक्स ९३ (२०२१) विंडोजवर टंचाईत जुने टॅब उतरवतो.

इतर प्रणाली : विंडोजमध्ये एक्सपीपासून सूचनेची सोय, मॅकओएसमध्ये १०.९ पासून (२०१३) मेमरीवरील ताणाची सूचना.