दावणीचा बैल : ई-टू-एफ या प्रथिनाची हकीकत

जगातल्या अनेक प्रयोगशाळांत उणे ८० अंश सेल्सिअसच्या शीतपेटीत एक चिमुकली कुपी जपून ठेवलेली असते. तिच्यात पाण्यासारखा थेंबभर द्रव असतो, आणि त्या द्रवात काही मायक्रोग्रॅम प्रथिन. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! कुपीवर चिठ्ठी असते : 'केवळ संशोधनासाठी'. म्हणजे हे औषध नव्हे. प्रथिन माणसाचे खरे, पण ते माणसाच्या शरीरातून काढलेले नाही. जिवाणूंकडून करवून घेतलेले आहे. त्याचे नाव ई-टू-एफ-वन. जे औषध नाही, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

श्रोतेहो, कापणी करताना बोटाला विळा लागतो. आठ-पंधरा दिवसांत जखम भरून येते. कडेच्या पेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात म्हणून ती भरते. आणि भरली की पेशी थांबतात. वाढणे हे नवल आहेच. पण वेळेवर थांबणे हे त्याहून मोठे नवल. ज्या पेशी थांबायचे विसरतात, त्यांची गाठ होते. कर्करोगाचे मूळ इथे आहे.

पेशीच्या केंद्रकात जनुके असतात. जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवावे याची लिहून ठेवलेली कृती. पण सगळ्या कृती एकाच वेळी वाचल्या जात नाहीत. कोणती केव्हा वाचायची, हे ठरवणारी काही प्रथिने असतात. त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात. आपले ई-टू-एफ त्यांपैकीच एक. पेशी दुभंगण्याआधी तिच्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्या कामाच्या कृती उघडून देणे, हे याचे काम.

हा गडी कामाचा, पण मोकळा सोडण्यासारखा नाही. दावणीच्या बैलासारखा समजा. आर-बी नावाचे दुसरे प्रथिन त्याला दाव्यासारखे बांधून ठेवते. पेशीला दुभंगण्याचा निरोप आला, की काही विकरे आर-बीवर फॉस्फेटच्या खुणा चिकटवतात. दावे सैल होते, बैल कामाला लागतो. काम झाले की पुन्हा दावणीला. दावेच तुटले तर? बैल वाईट नसतो हो, पण तो उभ्या पिकात शिरतो.

आज हे चार वाक्यांत सांगता आले. पण ते कळायला दोन निरनिराळ्या वाटांनी चालावे लागले.

पहिली वाट लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाची. त्याचे नाव रेटिनोब्लास्टोमा. अमेरिकेत ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी अशा ४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काही मुलांना दोन्ही डोळ्यांत आणि लवकर रोग होतो, काहींना एकाच डोळ्यात आणि उशिरा, असे का? १९७१ साली त्यांनी उत्तर मांडले. प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बिघडल्या तरच रोग होतो. ज्या मुलात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्याच्यात दुसरी बिघडायला फार वेळ लागत नाही. नुडसन यांच्या हाती ते जनुक नव्हते. होती ती रुग्णांची वये आणि साधे गणित. पुढे १९८६ साली स्टीफन फ्रेंड, थॅडियस ड्रायजा, रॉबर्ट वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराव्या गुणसूत्रावरचे ते जनुक हाती आणले. त्याचेच प्रथिन म्हणजे आपले आर-बी. दावे सापडले, पण त्याला बांधलेले काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसरी वाट एका विषाणूची. अॅडेनोव्हायरस हा सर्दी-खोकला, डोळे येणे असले त्रास देणारा विषाणू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जोसेफ नेव्हिन्स आणि त्यांचे सहकारी वेगळाच प्रश्न घेऊन बसले होते : हा विषाणू पेशीत शिरल्यावर आपली जनुके चालू कशी करतो? १९८६ साली त्यांना आढळले, की विषाणूच्या ई-टू या जनुकासाठी यजमान पेशीतलेच एक प्रथिन राबवले जाते. म्हणून त्याचे नाव ई-टू-एफ; यातला 'एफ' हा 'फॅक्टर' या शब्दाचा. दोन वर्षांनी, १९८८ साली, एड हार्लो यांच्या गटाने दाखवले, की याच विषाणूचे ई-वन-ए नावाचे प्रथिन नेमके आर-बीला जाऊन चिकटते. आणि १९९१ साली, तोवर ड्यूक विद्यापीठात गेलेल्या नेव्हिन्स यांच्या गटाने उलगडा केला : ई-टू-एफ आर-बीला बांधलेले असते, आणि विषाणू येऊन ते दावे सोडतो. दोन्ही वाटा एकाच गोठ्याशी येऊन मिळाल्या.

आता ते प्रथिन हाती हवे होते. पेशीत ते इतके थोडे असते, की गाळून काढणे महाकठीण. इथे मदतीला आली जनुके जोडण्याची विद्या. १९७३ साली कॅलिफोर्नियात स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बोयर यांनी एका ठिकाणचे जनुक जिवाणूत घालून वाढवण्याची रीत दाखवली होती. मधुमेहाच्या रुग्णांसाठी जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन १९८२ साली मान्य झाले, ते याच रीतीने. १९९२ साली अमेरिकेतल्या तीन गटांनी आर-बीचाच गळ टाकून, त्याला धरणाऱ्या प्रथिनाचे जनुक मानवी जनुकांच्या साठ्यातून बाहेर काढले. ते होते ई-टू-एफ-वन. ४३७ अमिनो आम्लांची ती माळ आहे.

हे जनुक जिवाणूत घालायचे, जिवाणू कढणात वाढवायचे, मग ते फोडून हवे ते प्रथिन वेगळे करायचे. कुपी भरते ती अशी. मग संशोधक एका नळीत ते प्रथिन आणि डीएनएचा तुकडा घालून पाहतो, दोघे एकमेकांना धरतात का? आर-बी घातले तर काय होते? अमुक रसायन घातले तर? जिवंत पेशीत हजारो गोष्टी एकदम चाललेल्या असतात. नळीत एका वेळी एकच प्रश्न विचारता येतो. कुपीची किंमत ती हीच.

बैलाचा दाखला सगळीकडे पुरा पडत नाही, हेही सांगायला हवे. १९९६ साली ई-टू-एफ-वन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यातही गाठी झालेल्या आढळल्या. म्हणजे हेच प्रथिन पेशीला वाढवते, आणि प्रसंगी बिघडलेल्या पेशीला मरायलाही लावते.

या ज्ञानाचा उपयोग काय झाला? दावे सैल करणाऱ्या विकरांना अडवणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. दुसरे असे, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा पॅपिलोमा विषाणूही आर-बीलाच धरतो आणि ई-टू-एफला मोकळे सोडतो. तो आर-बीला धरतो, हे १९८९ साली कळले. त्या विषाणूसाठी केलेल्या तपासणीचा मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातून मिळाला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया या पाहणीत घेतल्या होत्या. २००९ साली निष्कर्ष आला : ज्या गटाला ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या रोगाचे मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले.

शिक्षक बंधुभगिनींनो, अंगणवाडीताईंनो, शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो. डोळ्याचा तो कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. काळ्या बाहुलीच्या जागी पांढरी चमक दिसते, कधी मांजराच्या डोळ्यासारखी, कधी फोटोत एकच डोळा पांढरा उमटतो. कधी मूल तिरळे पाहू लागते. दृष्ट लागली म्हणून उतरून टाकत बसू नका, मोठेपणी जाईल असेही म्हणू नका. दर वेळी तो कर्करोगच असेल असे नाही, पण त्याच आठवड्यात मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला लावा. वेळेवर उपचार झाले, तर यातली बहुतेक मुले वाचतात.