पंतोजीचें शासन आणि भंडाऱ्याची रोवणी

जुन्या मराठी शाळेविषयीं लिहितांना पंतोजीची छडी रंगवून सांगण्याची चाल पडली आहे. छडी होती आणि ती लागतही असे. परंतु दांडग्या किंवा बुडव्या मुलास वठणीवर कसें आणावें, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे छडीच्या पलीकडे पुष्कळ झालेला आहे. भंडारा जिल्ह्याच्या संबंधानें तो येथें थोडक्यांत पाहूं.

प्रथम शास्त्र. आपस्तंब धर्मसूत्रांत अपराधी शिष्यास सांगितलेले दंड म्हणजे धाक घालणें, उपवास, पाण्यांत स्नान व गुरूनें दृष्टीआड करणें. तेही अपराधाच्या मानानें, व तो सुटेपर्यंतच. मार त्यांत नाहीं. गौतमाच्या मतें शासन न मारतां करावें. न साधल्यास बारीक दोरी किंवा वेळूची कांब घ्यावी. अन्य साधनानें मारणाऱ्या गुरूस राजानें दंड करावा. मनु पाठीवर मारण्यास मुभा देतो, मस्तकावर देत नाहीं. उलट पतंजलीच्या महाभाष्यांत उदात्ताच्या जागीं अनुदात्त म्हणणाऱ्या शिष्यास चपराक देणारा उपाध्याय भेटतोच! नियम व व्यवहार यांतील अंतर असें जुनें आहे.

गांवठी शाळा भरे ती एखाद्या ओसरीवर किंवा देवळांत. धूळपाटीवर अक्षरें, मग पावकी, निमकी, पाऊणकी, आणि शेवटीं मोडीचा कित्ता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत गांवचा हिशेब पांड्या लिही. मोडी व हिशेब शिकण्यास व्यवहारांत मोल होतें तें अशा कामांमुळें. शिक्षांचे प्रकार वाचकांस ऐकून ठाऊक असतीलच: कान पिळणें, अंगठे धरून ओणवें राहणें, कोलदांडा. यांत आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो प्रकार उचलबांगडीचा. शाळेस न येणाऱ्या मुलाच्या घरीं पंतोजी चार धट्टीं मुलें पाठवी, आणि तीं त्यास हातपाय धरून उचलून आणीत. आज वर्तमानपत्रें हा शब्द अधिकाऱ्यांच्या बदलीस लावतात, हा भाग निराळा.

उचलबांगडी ही खोडीची शिक्षा नव्हे, गैरहजेरीची आहे. आणि भंडारा हा भाताचा व तलावांचा मुलूख. आषाढ-श्रावणांत रोवणी सुरू झाली म्हणजे घरचें लहान पोर गुरांमागें किंवा बांधीवर जावयाचेंच. त्यास चौघांकडून उचलून आणणें म्हणजे त्याच्या बापाशीं कलह. आणि पंतोजीचा शिधा तर त्याच बापाच्या कोठींतून येणार! छडीस खरा आळा शास्त्रानें घातला नाहीं, शिध्यानें घातला, असें आमचें मत आहे.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला व पुढच्याच वर्षी शिक्षणखातें निघालें. गुरुजी पगारी झाला, हजेरीपट आला. रोवणी मात्र होती तेथेंच राहिली. अखेर सरकारासही नमावें लागलें: या प्रांतांतील खेड्यांच्या शाळांत शेतकऱ्यांच्या मुलांनीं सकाळीं शिकावें व उरलेला दिवस शेतांत काम करावें, अशी अर्धवेळ शाळेची सोय करण्यांत आली. उचलबांगडीनें जें साधावयाचें तें वेळापत्रकानें साधूं पाहिलें, व तेंच शहाणपणाचें होतें. पुढें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हीं वर्ज्य केलीं. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. आपस्तंबाचा धाक व उपवासही त्यापुढें टिकणार नाहींत.

भंडाऱ्याकडे पोथ्या धुंडाळणारे संग्राहक महानुभावी बाडांच्या शोधांत असतात. निळभट भांडारेकारांचें हें गांव, तेव्हां तें साहजिकच आहे. परंतु त्याच पेटींतील मोडी कित्ते व शिध्याच्या याद्या रद्दी म्हणून टाकल्या जातात. कित्त्याच्या पाठीमागें मुलाचें नांव, तिथि किंवा खाडे लिहिलेले आढळल्यास तो कागद पोथीइतकाच जपून ठेवावा, व त्यावरील महिने रोवणीच्या महिन्यांशीं ताडून पाहावे.