गाडीचे दस्तक : पुण्याची मोटार सरहद्द कशी ओलांडते?

१/ स्वतःची मोटार चालवत पुण्याहून परदेशी जायचे झाले, तर तयारी कुठून सुरू करावी? टायर, ब्रेक, इंजिन ऑइल, जादा फ्यूज हे ओघाने आलेच. पण सरहद्दीवरचा अंमलदार बोनेट उघडायला लावतो, तोही इंजिनचा क्रमांक कागदाशी ताडून पाहण्यासाठी. त्याला मुख्यतः कागदच हवे असतात, आणि त्या कागदांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ सुरुवात मोटारीच्या फार आधी, पेशवाईत होते. परमुलखात किंवा काशीयात्रेला निघणारा माणूस सरकारातून 'दस्तक' घेई. ते वाटेतल्या जकातदारांना आणि चौकीदारांना उद्देशून असे. बरोबर माणसे किती, जनावरे किती, आणि शेवटी ठरलेली ताकीद : मुजाहीम न होणे. म्हणजे अडथळा करू नये. आजच्या भारतीय पारपत्रातही राष्ट्रपतींच्या नावे हीच विनंती छापलेली असते. फक्त ताकदीची भाषा जाऊन विनंतीची आली.

३/ जकातदाराची अडचण समजून घ्या. घोडा हे वाहन आहे आणि बाजारात विकता येणारा मालही आहे. स्वार पलीकडे घोडा विकून पायी परतला, तर जकात बुडाली. विसाव्या शतकात घोड्याच्या जागी मोटार आली आणि तीच अडचण कितीतरी महाग झाली. पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका संशयातून जन्मले आहेत.

४/ मोटारींच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाचा पहिला मोठा करार ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्यात गाडीची तयारीच कलमबद्ध केली होती : एकमेकांवर अवलंबून नसलेली ब्रेकची दोन साधने, पुढे-मागे दिवे, खर्जातल्या आवाजाचा भोंगा. रिकाम्या गाडीचे वजन ३५० किलोंहून अधिक असेल, तर चालकाला जागेवर बसून इंजिनाच्या जोरावर ती मागे नेता आली पाहिजे. रिव्हर्स गिअर ही त्या काळी कराराने मागावी लागणारी गोष्ट होती!

५/ त्याच करारात गाडीच्या मागे लावायची लंबगोल पाटी ठरली : ३० सेंमी रुंद, १८ सेंमी उंच, पांढऱ्यावर काळी अक्षरे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानची अक्षरे 'बीआय' होती. स्वातंत्र्यानंतर 'आयएनडी' आली. परदेशी निघालेल्या मोटारीवर आज जो लंबगोल स्टिकर दिसतो, तो या पाटीचाच वंशज.

६/ आता तो जुना संशय. त्यावरचा तोडगा म्हणजे 'कार्ने द पासाज', आपल्याकडे रूढ भाषेत कार्नेट. हे गाडीचे पारपत्रच. प्रत्येक पानाचे तीन भाग : एक देशात शिरताना जकात अधिकारी ठेवून घेतो, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटून तो पुस्तकात राहतो. ४ जून १९५४ च्या न्यूयॉर्क कराराने या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय चौकट दिली. त्या करारात भारतही सामील आहे.

७/ कार्नेट सरकार देत नाही, मोटार संघटना देतात. आपल्या बाजूला १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे त्यातले जुने नाव. गाडी परदेशात विकली गेली, तर तिथली जकात भरण्याची हमी संघटना घेते, म्हणून ती मालकाकडून तारण मागते. काही देशांसाठी हे तारण गाडीच्या किमतीहूनही अधिक होते. प्रवासाच्या खर्चापेक्षा ही रक्कम अडकवून ठेवणे अनेकांना जड जाते.

८/ पुण्याच्या मोटारीला फार लांब न जाता परदेश गाठता येत असे, हे आज आठवतही नाही. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज होता. मोटारी येण्यापूर्वी एकदा तिथली जकातीची भिंत पडलीही होती : १८७८ च्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज मुलूख यांचा जकात-संघ झाला. १८९२ मध्ये तो मोडला आणि नाकी पुन्हा उभी राहिली.

९/ गोव्याची एक गंमत पाहा. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक रस्त्याच्या उजवीकडे नेली. गोव्याने मात्र डावी बाजू सोडली नाही, कारण भोवतालचा सगळा मुलूख डावीकडून चालत होता. राज्य लिस्बनचे, पण रस्त्याचा नियम शेजाऱ्याचा. सावंतवाडीकडून आत शिरणाऱ्या गाडीला बाजू बदलावी लागली नाही.

१०/ मग रस्ताच बंद झाला. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्यात शिरले. १५ ऑगस्टला पत्रादेवीसह अनेक ठिकाणी पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर भारताने नाकेबंदी केली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. आज पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाजवळून जाताना आपल्याकडे कुणी पारपत्र मागत नाही. त्या न मागण्याची किंमत कुणी चुकवली, हे स्मारक सांगते.

११/ पश्चिमेकडे उलटे घडले. १९२४ मध्ये मेजर फोर्ब्स-लीथ वोल्सली मोटारीने इंग्लंडहून क्वेट्ट्याला पोहोचले, तेव्हा क्वेट्टा हिंदुस्थानात होते. तिथून पुण्यापर्यंत आंतरराष्ट्रीय सरहद्द नव्हती. १९४७ मध्ये अमृतसरच्या पुढेच नवी सरहद्द उभी राहिली. रस्ता तोच, पण कार्नेटात एक पान वाढले.

१२/ तरीही रस्ता वाहता होता. १९५७ मध्ये लंडनहून कोलकात्याला बस आली. १९६८ च्या लंडन–सिडनी शर्यतीतल्या मोटारी काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि तिथून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि ही वाट मोडली. अटारीची चौकीही एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली.

१३/ उरली पूर्व. ऑगस्ट २०१८ मध्ये मणिपुरातले मोरे आणि म्यानमारचे तामू यांमधली वाट पारपत्रधारकांसाठी अधिकृतपणे खुली झाली. म्यानमारने १९७० मध्ये, भारत आणि थायलंड हे दोन्ही शेजारी डावीकडून चालत असताना, वाहतूक उजवीकडे नेली होती. म्हणजे गोव्याच्या नेमके उलट. पण २०२० ची महासाथ आणि १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव यांनी ही वाटही अनिश्चित केली.

१४/ बाजू बदलली की गाडीचीही तयारी बदलते. आपल्या हेडलाइटचा झोत डावीकडे झुकलेला असतो. उजवीकडून चालताना तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून काचेवर झोत अडवणारी पट्टी लावतात. ओव्हरटेक करताना उजव्या स्टिअरिंगवरून समोरचे दिसत नाही. तिथे शेजारी बसलेल्याचे डोळे कामी येतात.

१५/ पुणेकरांसाठी खास : देवनागरी नंबरप्लेटची हौस इथे चालणार नाही. १९४९ चा जीनिव्हा करार नोंदणी क्रमांकासाठी रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंक मागतो. आपला देशी नियमही तेच सांगतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना याच कराराचे अपत्य. तो आरटीओत नमुना ४-अ भरून मिळतो, मुदत एक वर्ष. चीनमध्ये मात्र तो चालत नाही. तिथे तात्पुरता परवाना, तात्पुरती पाटी आणि स्थानिक मार्गदर्शक लागतो.

१६/ म्हणून तयारी करताना उलटा क्रम धरावा. आधी कोणती सरहद्द आज उघडी आहे ते पाहावे, मग व्हिसा, कार्नेट, परवाना, विमा, आणि शेवटी गॅरेज. बिघडलेली गाडी कुठल्याही गावात दुरुस्त होते. राहून गेलेला निर्गमनाचा शिक्का दुरुस्त करायला हजारो किलोमीटर मागे जावे लागते.

१७/ आणि घरी पोहोचल्यावरही प्रवास संपत नाही. सगळे शिक्के असलेले पुस्तक संघटनेकडे परत जाते, तपासले जाते, तेव्हा कुठे तारण सुटते. त्या पानांवरचे शिक्के एकदा निवांत वाचा. कोणत्या वर्षी कोणता शेजारी आपल्या गाडीला 'मुजाहीम' झाला नाही, याची ती नोंद आहे. तुमच्या घरात आजोबांच्या काळातले असे एखादे पुस्तक असेल, तर रद्दीत घालू नका.