माळवदाखालचे ज्ञान : भूकंपानंतरच्या ‘संवाद सहायक’ स्त्रिया

१/ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप ‘किल्लारीचा’ म्हणून ओळखला जातो. किल्लारी लातूर जिल्ह्यातले. परंतु सास्तूर आणि परिसरातील गावे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा पूर्व भागही त्याच पहाटे जमीनदोस्त झाला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली.

२/ बळी घेतले ते घरांनी. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे छतच काळ ठरले.

३/ जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने १९९४ मध्ये पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पार उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवण्यात आली. उरलेल्या शेकडो गावांत मात्र शासकीय अनुदानातून ज्याने-त्याने आपले घर दुरुस्त व मजबूत करायचे होते.

४/ खरा पेच येथे होता. अनुदान घरमालकाच्या नावे, आणि घरमालक म्हणजे बहुधा पुरुष. साहजिकच अभियंता बोलणार त्याच्याशी. पण चूल कोठे, धान्य कोठे, न्हाणीचे पाणी कोठून जाते, बाळंतिणीला आडोसा कोणता, कोणती भिंत दर पावसाळ्यात फुगते, हे ठाऊक असते त्या घरात राबणाऱ्या बाईला. त्या ज्ञानाला कागदावर रकाना नव्हता.

५/ लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. माळवदावरील मातीचा भार कमी का करायचा, भिंतीचे दोन थर आरपार का जोडायचे, अनुदानाचा हप्ता कशावर अडतो, हे त्या आधी शिकल्या, मग घरोघरी समजावू लागल्या. आणि घरांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ लागल्या. गावाचा अभ्यास गावातील स्त्रियांनीच करावा, ही कल्पना येथे गरजेपोटी प्रत्यक्षात आली.

६/ न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये ग्रंथरूपाने विचारले होते : स्त्रियांचे विनामोल श्रम राष्ट्रीय उत्पन्नात का धरले जात नाहीत? भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, पुरुषाचा ९७.

७/ म्हणूनच ‘सहभाग’ हा शब्द मी जरा जपून वापरतो. सभेला जाणाऱ्या बाईची भाकरी दुसरे कोणी थापत नव्हते. पुनर्वसनाच्या यशकथांत तिचे नेतृत्व येते. सभेआधी उरकलेल्या कामाचे तास येत नाहीत. संशोधन लोकांसोबत करताना हा हिशेब आधी मांडला पाहिजे, असे माझे मत आहे.

८/ २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या अनुभवी स्त्रिया तिकडे गेल्या. तेथील बायकांशी त्या बोलल्या ते घर पुन्हा कसे उभारायचे याविषयी.